मलप्रभेच्या उगमापर्यंत पायी: पाऊस, वाट आणि परक्या घरचा आसरा

बेळगावहून कणकुंबीला बसनं जायला दीड-दोन तास पुरतात. येळ्ळूर, राजहंसगड, नंदिहळ्ळी, गर्लगुंजी, खानापूर, जांबोटी असा वळसा घेत पायी गेलं तर चार दिवस लागतात, आणि पाचवा दिवस पावसासाठी राखून ठेवावा लागतो. साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरची ही चाल आहे. खानापुरात मलप्रभा भेटते आणि ती जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या माउली देवीच्या देवळापाशी वाट संपते. तीच नदी तीनशे किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. आपण मात्र पाण्याच्या उलट चालत तिच्या लहानपणाकडं जातो.

मी ही वाट तीनदा धरली. दोनदा पुरी केली, एकदा खानापुरात सोडून रेल्वेनं घरी आले. वाट तशी अवघड नाही. कस लागतो तो दोन ठिकाणी: आभाळ फिरलं की वेळेत थांबण्यात, आणि अनोळखी दारात उभं राहून नीट आसरा मागण्यात. दुसरी गोष्ट कुणी शिकवत नाही, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहिणार आहे.

कधी निघायचं

आमच्याकडं पावसाचा हिशेब अजून नक्षत्रांवर चालतो, आणि चालणाऱ्यालाही तो उपयोगी पडतो. ७-८ जूनला मृग लागतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसू, आणि त्यामागून म्हातारा, म्हणजे पुष्य. तरण्या-म्हाताऱ्यात खानापूरच्या पश्चिम भागात पाय घालू नये. बेळगाव शहरात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस होतो, कणकुंबी-आमगावच्या पट्ट्यात त्याच्या कितीतरी पट. त्या दिवसांत तालुक्यातल्या धबधब्यांवर जायला प्रशासन बंदी घालतं, ती पाळायची.

सप्टेंबरच्या २६-२७ तारखेला हस्त लागतो. हा हत्तीचा पाऊस गडगडाट करत येतो, तासाभरात ओढे भरतो आणि निघून जातो. एप्रिल-मे महिन्यांतला वळीवही तसाच. सकाळी लख्ख ऊन, दुपारी दोनला पश्चिमेकडून काळं आभाळ, चारला गारा. म्हणून माझं मत सरळ आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं दिवाळीनंतर निघावं आणि महाशिवरात्रीच्या आत वाट संपवावी. तेव्हा भाताची कापणी-मळणी चालू असते, शिवारात माणसं असतात, हाक मारली तर ओ मिळते. तरीही समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की नोव्हेंबर-डिसेंबरातही अवकाळी दोन-दोन दिवस धरतो. दिवाळीनंतर पाऊस नाही असं धरून कुणी रेनकोट घरी ठेवू नये.

निघायच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज बघायचा. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फोनवर घेऊन ठेवायचं. जांबोटीच्या पुढं रेंज येते-जाते, त्यामुळं नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यायचा आणि चार महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचे.

पाठीवर काय

सॅक सात-आठ किलोंच्या वर जाऊ द्यायची नाही. सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे कोरड्या कपड्यांचा एक जोड, जाड प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेला. हा जोड चालताना कधीच अंगावर घालायचा नाही. मुक्कामी पोचल्यावर घालायचा, सकाळी पुन्हा पिशवीत, आणि अंगावर परत कालचे ओलेच कपडे. पहिली पाच मिनिटं अंगावर काटा येतो, पण रात्री कोरडं काहीतरी हमखास असतं. वीस अंश हवेतही ओल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरते. बोटांना बटण लागेना, बोलताना जीभ अडखळायला लागली, तर थंडी आत शिरली आहे असं समजावं आणि लगेच आडोसा, कोरडे कपडे, गोड गरम चहा या क्रमानं उपाय करावा.

बाकी सामान थोडकं: रेनकोट किंवा पोंचो, दोन बाय तीन मीटरची हलकी ताडपत्री, बारीक दोरी, बॅटरी, शिट्टी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, ओआरएस, मोज्यांचे तीन जोड, पातळ चादर. खायला दोन वेळची भाकरी-चटणी, पुढच्या दिवसांसाठी शेंगदाणे, गूळ, चिरमुरे. आधार कार्डाची प्रत. आणि अर्धा किलो साखर नि पाव किलो चहापूड. ही आपल्यासाठी नाही, कुणासाठी ते पुढं येतं.

पायांकडं लक्ष द्या. बूट नवे नकोत, पण तळ झिजलेलेही नकोत; जांभ्या दगडावर शेवाळ धरलं की तो साबणासारखा निसरडा होतो. दिवसभर ओल्या बुटात चाललं की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि तिसऱ्या दिवशी पाऊल टाकवत नाही. रोज संध्याकाळी पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसायच्या, अर्धा तास उघड्या ठेवायच्या, मग खोबरेल तेल. बुटात रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि दोन तासांनी बदलायचे. पहिले बोळे काढले की हातात चक्क पाणी लागतं.

पहिला दिवस: वडगाव ते नंदिहळ्ळी

सकाळी सहाला वडगावातून येळ्ळूरच्या रस्त्याला लागा. दोन्ही बाजूंना भाताचं शिवार आहे, येळ्ळूरचा बासमती इथलाच. शेतातून आडवं जायचा मोह होईल, पण बांधावरून जाऊ नका. ओला बांध माणसाच्या वजनानं ढासळतो आणि वाफ्यातलं पाणी निघून जातं. बैलगाडीची पाणंद असते, तिनं जावं.

दहाच्या आत राजहंसगडावर पोचायचं. वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, आणि २०२३ साली उभा केलेला शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा. गडावरून चारी बाजूंचं आभाळ दिसतं, म्हणून इथं अर्धा तास बसून पश्चिमेकडं नजर ठेवायला शिकावं. ढगांचा तळ काळा-सपाट आणि माथा फुलकोबीसारखा फुगत चालला असेल तर दुपारी वीज आहेच.

विजेचा हिशेब असा. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आली. गड, माळ, एकटं झाड, पाण्याचा काठ सगळं सोडून पक्क्या घरात शिरायचं. घर नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. छत्री मिटायची. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचं नाही. पाऊस थांबला म्हणून लोक बाहेर येतात आणि नेमके तेव्हाच सापडतात.

आता या वाटेवरचा माझा एकच कडक नियम. दुपारी तीन वाजता, असाल तिथं थांबून ठरवायचं: पुढचं गाव पाचच्या आत नक्की गाठता येतं का? येत असेल तर चालायचं. शंका असेल तर मागच्या गावात परत. ऊन असो वा पाऊस, हा नियम मोडायचा नाही. अंधारात भिजून पोचलेला माणूस यजमानाला घाबरवतो. दिवसाउजेडी आलेल्या माणसाची चौकशी होते, चहा होतो.

दुसरा दिवस: खानापूर आणि असोगा

नंदिहळ्ळीहून गर्लगुंजीमार्गे खानापूर ही सोपी चाल आहे, फार लिहिण्यासारखं नाही. एवढं ध्यानात ठेवा की देसूर, इदलहोंड, खानापूर ही रेल्वे स्थानकं या टप्प्यात जवळ आहेत. पाय दुखावला, ताप आला, पाऊस हटेना, तर इथून मागं फिरणं सोपं. मी एकदा फिरले आहे. खानापूरच्या पुढं सुटका बसच्या भरवशावर. औषधं, सेल, मोजे जे हवं ते खानापूरच्या बाजारात घ्या.

संध्याकाळी असोग्याला जा. नदीकाठी रामलिंगेश्वराचं देऊळ आहे, पात्रात काळे खडक आहेत. झोपायच्या आधी पाण्याच्या कडेला, बरोबर पाणी टेकतं तिथं, एक ओळखीचा दगड ठेवा. सकाळी तो कोरड्यात असेल तर वरच्या अंगाला पाऊस नाही. पाण्याखाली गेला असेल तर असोग्यात थेंबही पडला नसला तरी जांबोटी-कणकुंबीकडं रात्रभर झोडपलंय. फोनला रेंज नसली तरी ही बातमी नदी आणून देते.

तिसरा दिवस: जांबोटीची वाट

इथून रान सुरू होतं. निघायच्या आधी खानापुरात दोन गोष्टी विचारायच्या: हत्ती सध्या कुठल्या अंगाला आहेत, आणि अस्वल कुणाला दिसलं का. भात पिकात आलं की दांडेलीच्या बाजूनं हत्ती उतरतात. शेतकरी माळ्यावर बसून रात्र रात्र राखण करतात. अस्वलाला माणसाची चाहूल लागली तर ते आपणहून बाजूला होतं, अचानक समोर आलं तर मात्र अंगावर येतं. म्हणून वारुळं आणि करवंदाच्या जाळ्या असलेल्या भागात बोलत चालावं, कानात गाणी लावू नयेत. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर रानात असू नये.

डांबरी सोडून आत शिरू नका. दक्षिणेचा मोठा भाग भीमगड अभयारण्यात येतो. ते २०११ साली जाहीर झालं. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, आणि विनापरवाना शिरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय उन्हाळ्याच्या तोंडावर या रानात गोचिड्या असतात. शेजारच्या गोव्यातल्या सत्तरीत त्यांच्यापासून माकडताप पसरलेला आहे. पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी अंग तपासा.

ओढा ओलांडायची रीत एका शेतकरी मामांनी मला प्रत्यक्ष दाखवली. दुसऱ्या खेपेला मी आणि माझा भाचा हस्तात निघालो होतो, तो माझा हट्ट होता. जांबोटीच्या अलीकडं पाणी तांबूस झालेलं, त्यात काटक्या आणि हिरवी पानं वाहत होती. मी वहाणा हातात घेतल्या, तेवढ्यात पलीकडच्या खोपीतून हाक आली, "थांबा! हिरवा पाला येतोय, पाणी चढालंय अजून." ते काठाकाठानं वर गेले, साकवावरून अलीकडं आले आणि हातातली काठी पाण्याच्या कडेला रोवून तिच्यावर विळ्यानं खाच पाडली. "हितनं चार बोटं उतरलं की बघू." अर्ध्या तासात पाणी खाचेच्या वर दोन बोटं चढलं. मग तासभर तिथंच थबकलं. अडीच तासांनी खाच उघडी पडली. तरीही त्यांनी आम्हाला त्या ठिकाणी उतरू दिलं नाही, साकवावरूनच नेलं.

त्यांच्याकडून शिकलेलं असं: वाहून येणारा पाला हिरवा असेल तर पूर नवा आहे, थांबा. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरू नका. उतरायचंच तर सॅकचा कमरपट्टा सोडा, काठी वरच्या अंगाला टेका, तोंड प्रवाहाकडं करून आडवे सरका. डोंगरातले लहान ओढे जसे चढतात तसे दोन-चार तासांत उतरतात. थांबायला जो वेळ लागतो त्यासाठीच तर पाचवा दिवस राखलेला असतो.

आसरा कसा मागायचा

त्या संध्याकाळी आम्ही मामांच्याच घरी राहिलो. त्या रात्रीपासून पुढच्या प्रवासांत जे उमगत गेलं ते सगळं सांगते.

आधी मनाशी एक पक्कं करा: लोकांचा चांगुलपणा हा आपल्या सामानाचा भाग नाही. जेवण आणि पांघरूण आपल्याजवळ असलंच पाहिजे. हात रिकामे ठेवून 'गावात कुणीतरी देईल' म्हणून निघालेला माणूस गरीब घरावर ओझं टाकतो, कारण ते घर नाही म्हणणार नाही. आपल्यासाठी ती आपल्या ताटातली भाकरी काढतील आणि आपल्याला कळणारही नाही.

गावात शिरताना आधी पारावर किंवा देवळाच्या कट्ट्यावर बसा. सरळ कुणाच्या दारात जाऊ नका. पाच मिनिटांत कुणीतरी विचारेलच, "कुठनं आलासा?" याचं उत्तर पुरं द्यावं: गाव, गल्ली, कुणाची कोण, कुठं चाललोय, का चाललोय. शहरात हे प्रश्न खटकतात, पण इथं ती ओळख पटवायची रीत आहे. बेळगावात तुमचं नातं सांगितलं की समोरचा त्याच्या पाहुण्यांपर्यंत धागा नेतोच, आणि धागा लागला की तुम्ही परके राहत नाही.

मग घर मागू नका, देऊळ मागा. "मामा, आजची रात्र देवळात पडायला चालेल काय? कुणाला विचारावं लागेल?" यात समोरच्याला नाही म्हणायची वाट मोकळी राहते. पुजारी किंवा गावातले पंच सांगतील. खानापूरच्या बऱ्याच गावांत वारकरी परंपरा घट्ट आहे. हरिनाम सप्ताह चालू असेल तर जागा कमी पण प्रसाद नक्की. कधीकधी गावात वार पाळणूक असते. त्या दिवशी गाव कामं बंद ठेवतं आणि बाहेरच्याचं येणं नको असतं. तसं कळलं तर एक शब्द न बोलता पुढं जावं. नकार मिळाला तरी त्याचं कारण विचारू नये.

बाईमाणसानं एकटीनं जाताना आधी घरातल्या बाईशीच बोलावं. विहिरीवर, अंगणात भात वाळवताना, कुठंही. मला आजवर ज्या तीन घरांनी ठेवून घेतलं, तिन्ही ठिकाणी निर्णय आज्जींचा होता आणि पुरुषमंडळींनी तो मानला. त्या रात्री मामांच्या आईनं मला दारात चिखल ठिबकताना बघितलं आणि म्हणाल्या, "उभी काय ऱ्हायलीस, ये की आत. न्हाणीत पाणी तापलंय." स्वतःचं धुवट लुगडं त्यांनी माझ्या हातात दिलं. त्याला धुराचा वास होता. माझ्याजवळ कोरडा जोड होता, पण तो मी पिशवीतून काढलाच नाही. कुणी स्वतःचं पातळ पुढं करतं तेव्हा आपली तयारी मिरवायची नसते. जेवायला नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं होतं. भाच्याला चुलीजवळची जागा दिली आणि त्याचे बूट वैलाच्या कडेला, करपणार नाहीत एवढ्या अंतरावर, आज्जींनीच मांडले.

पैसे देऊ नका. मी पहिल्या खेपेला निघताना नोट पुढं केली आणि त्या घरातल्या मावशींचा चेहरा एकदम उतरला, तो अजून डोळ्यांपुढून जात नाही. साखर आणि चहापूड न्यायची ती यासाठी. आल्या आल्या ती घरातल्या बाईच्या हातात द्यायची, "रिकाम्या हातानं कसं यायचं" एवढंच म्हणत. आपलं ताट आपण घासायचं, दोन घागरी पाणी आणायचं. देवळात राहिलात तर सकाळी झाडून काढायचं आणि पेटीत टाकायचं ते टाकायचं. काजू, मध, रताळी घरात विकायला असतील तर सांगतील त्या भावानं घ्यायची.

भाषेची काळजी करू नका. खानापूरच्या पश्चिमेला मराठी घरोघरी आहे, पण बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, कधी आकडेही. म्हणून जायच्या गावांची नावं आणि एक ते दहा आकडे कन्नड लिपीत ओळखायला शिका, ते एका दुपारचं काम आहे. कन्नड घरात 'नीर' म्हणजे पाणी, 'मळे' म्हणजे पाऊस, 'दारी' म्हणजे वाट, एवढ्यानं निभतं. आणि कुणी "बर्री, कुंडर्री" म्हणालं तर या, बसा म्हणताहेत, बसावं. सीमाप्रश्नावर बोलणं निघालं तर ऐकून घ्यावं. १९५६ पासूनची ती गोष्ट प्रत्येक घरात वेगळी आहे.

चौथा दिवस: हब्बनहट्टी ते कणकुंबी

जांबोटीहून लवकर निघून हब्बनहट्टीला थांबा. मारुतीचं देऊळ मलप्रभेच्या पात्रातच आहे, पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं. भिंतीवर गाळाची रेघ कुठवर चढली आहे ते बघितलं की नदीचा अंदाज येतो. पुढचा रस्ता चोर्ला घाटाचा, गोव्याकडं जाणारी वाहनं वेगानं येतात आणि सकाळी दाट धुकं असतं. उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं, एकामागं एक चाला. भडक रंगाचं काहीतरी पाठीवर असू द्या. धुक्यात बॅटरी लावा. अडचण आली तर ११२, रुग्णवाहिकेला १०८.

कणकुंबीत माउलीचं दर्शन, उगमाच्या कुंडाचं दर्शन, मग लगेच परतीच्या बसची चौकशी, कारण शेवटची बस चुकली तर पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं. बस येईपर्यंत वही काढून वाट ताजी असतानाच लिहून ठेवा. ओढे कुठं, पाणी किती, विहीर कुठं गोड लागली, कुठल्या पाणंदीत चिखल. हे पुढच्या चालणाऱ्याला जरूर द्या. ज्या घरांनी ठेवून घेतलं त्यांचं नाव-गाव मात्र कुणाला देऊ नका, फोटोसुद्धा टाकू नका. त्यांनी तुम्हाला घरात घेतलं ते तुम्ही भिजून दारात आलात म्हणून. यादी वाचून येणाऱ्यांसाठी त्यांनी दार उघडलेलं नाही. फोटो काढला असेल तर छापून पोस्टानं त्यांनाच पाठवा. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे: 'जांबोटीच्या अलीकडचा ओढा. हिरवा पाला. अडीच तास. वरच्या अंगाला साकव आहे.'